गोड्या पाण्याचा जीव

समुद्राच्या पाण्यात रोज गोडं पाणी घालावं लागतं, हे सांगितलं की गावातले लोक हसत. पत्रू गाडीवान तर हटकून हसायचा. बल्लारशाच्या स्टेशनावर उतरलेली खाऱ्या पाण्याची सागवानी पिंपं त्याच्याच बैलगाडीतून यायची. पिंपं उतरवताना तो म्हणायचा, "लालसू, मीठ इथी भेटते, पानी इथी हाय. ढवळून टाका ना टाकीत. माह्या बैलायचा जीव काऊन घेता?"

साहेबांनी मला जे सांगितलं होतं तेच मी त्याला सांगत असे. ऊन लागलं की पाणी उडतं, मीठ उडत नाही. उडालं तेवढं विहिरीचं पाणी घातलं नाही तर टाकी जास्त जास्त खारट होत जाते आणि आतले जीव मरतात. म्हणून रोज सकाळी मी भिंतीवरच्या रेघेपर्यंत गोडं पाणी भरायचो. माझ्या कामाची सुरुवात त्यापासून व्हायची.

बंगला पोंभुर्ण्याहून वैनगंगेकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर होता, सागाच्या जंगलाला पाठ करून. केळुसकर साहेब मुंबईच्या जहाजवाल्यांसाठी लाकूड निवडायचे. ते आणि अन्नपूर्णाबाई दोघंही वेंगुर्ल्याकडचे. मूलबाळ नव्हतं. बाईंना इथे करमेना. बाई एकदा म्हणाल्या होत्या, इथं सगळं आहे, फक्त जिच्या पलीकडे काहीच नसतं अशी एक बाजू नाही. मला ते कळलं नाही. साहेबांना कळलं असावं. त्यांनी मधल्या दालनात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सिमेंटची टाकी बांधवून घेतली. एकामागे एक दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढी लांब, पुढच्या बाजूला जाड काच. वर कौलांमध्ये काचेची कौलं बसवली, म्हणजे ऊन थेट पाण्यात उतरावं. मद्रासच्या खालच्या समुद्रातून ओल्या पोत्यांत गुंडाळलेले दगड आले. ते दगड जिवंत होते. त्यांच्यावर हळदी, जांभळ्या, शेवाळी रंगाची बोटं यायची आणि ती पाण्यात हलत राहायची. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे त्यांतून फिरायचे.

पाण्याला हवा लागते. त्यासाठी लोहाराचा भाता होता. भात्याने मी मोटारीच्या ट्यूबा फुगवायचो, वर दगड ठेवायचो, आणि ती हवा बारीक नळीतून टाकीच्या तळाशी पांगाऱ्याच्या पोकळ लाकडात जायची. तिथून बुडबुडे निघायचे. दिवसभर घरात तेवढाच आवाज. उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून दारांना वाळ्याचे तट्टे लावायचे, विहिरीच्या थंड पाण्याची तोंड बांधलेली मडकी टाकीत तरंगत ठेवायची. माझी आत्या सोमारी घरात झाडलोट करायची. साहेब संध्याकाळी येऊन बोटातली अंगठी काचेवर टिकटिक वाजवत, की मासे गोळा व्हायचे. बाई वेताच्या खुर्चीत बसून पाहायच्या.

भादव्यात साहेब नदीपलीकडे लाकडाला खुणा करायला गेले. येताना डोंगा उलटला. पुढे एका रेतीच्या बेटाला देह लागला. वेंगुर्ल्याहून बाईंचे भाऊ आले, त्यांच्या रीतीने सगळं केलं आणि अस्थी समुद्रात सोडायला घेऊन गेले. कंपनीने बंगला उन्हाळ्यापर्यंत ठेवू दिला होता. भाऊ चैतात बाईंना न्यायला येणार होते. टाकी काही नेता येणार नव्हती.

"तोवर सांभाळ, लालसू," बाई म्हणाल्या. "मग पाणी सोडून दे."

"आन् आतलं सारं?"

बाई साड्यांच्या घड्या करून ट्रंकेत ठेवत राहिल्या.

सोमारीला एकाच गोष्टीची काळजी होती. आमच्या कुळात माणूस गेला की घरची माणसं नदीवर जातात, त्याचं नाव घेऊन हाक मारतात. पाण्यात हात घातल्यावर जो पहिला जीव हाती येतो, मासा, खेकडा, काहीही, तो नव्या मडक्यात घालून घरी आणतात. मग गेलेला घरी आला असं समजायचं. हाक न मारलेला माणूस नदीतच राहतो. बाई निघून गेल्या की साहेबांना हाक मारणारं कोणी उरणार नव्हतं.

एकदा मागच्या पडवीत तांदूळ निवडताना तिने विचारलं, "बाई, साहेबायचं नाव का होतं जी?"

बाईंचा हात थांबला. "कशाला?"

"पायजे होतं."

"तुमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेतात?"

"जित्या नवऱ्याचं नाई घेत. मेल्यावर घेते. तवाच तर लागते."

बाई किंचित हसल्या. "लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. ती सवयच नाही गं." आणि सूप तसंच ठेवून आत गेल्या.

नाव आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. सगळे साहेबच म्हणत. फाटकावर पितळी पाटी होती, तिच्यावर ते असणार. पण मला अक्षरं आली ती केस पिकल्यावर, आणि तोवर ती पाटी कधीच निघून गेली होती.

पुसात एका सकाळी सोमारी मला घेऊन नदीवर गेली. धुकं पाण्याला टेकलेलं होतं. मी नवं मडकं धरून काठावर उभा राहिलो. ती गुडघाभर पाण्यात गेली आणि तिने हाक मारली. नाव नव्हतं, म्हणून नुसतंच म्हणाली, "ये गा. घरी ये. घरची बाई येकटी हाय. वाट पाहून राह्यली. ये."

मग तिने पाण्यात हात घातला. मी पाहत होतो, म्हणून सांगतो. तिला चाचपावं लागलं नाही. एक लहानसा झिंगा रेतीवरून चालत आला आणि तिच्या तळव्यावर चढून बसला.

बंगल्यावर आल्यावर सोमारीने मडकं बाईंसमोर ठेवलं, वरचं फडकं काढलं. "साहेब हायेत, बाई. घरी आनलं."

बाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्या वाकून बराच वेळ आत पाहत राहिल्या. झिंगा काचेसारखा आरपार होता. त्याचे डोळे तेवढे काळे.

"तुमच्यात कुठं ठेवतात?"

"खांबाच्या बुडाशी पूजा करते. मंग इहिरीत सोडते."

"टाकीत सोडा," बाई म्हणाल्या.

मला राहवलं नाही. "बाई, गोड्या पान्याचा जीव हाय थो. खाऱ्यात घडीभर नाई टिकनार."

"ते खाऱ्या पाण्याचेच होते, लालसू."

त्यांचं म्हणणं माझ्या ध्यानात आलं. ते असतील तर जगतील. नसतील तर त्या चैतात भावाबरोबर निमूट जातील. सोमारीने मडकं पाण्यात कलतं केलं. झिंगा तळाला गेला, एका चपट्या दगडावर चढला आणि खोलीकडे तोंड करून बसला.

दुपारी तो तिथेच होता. दुसऱ्या सकाळीही तिथेच होता. बाईंनी ट्रंकेतल्या साड्या काढून परत कपाटात लावल्या.

त्यानंतर काही दिवस ते घर मला चांगलं वाटलं. बाई ताट घेऊन काचेसमोर जेवायला बसत. घरचं बोलत, म्हणजे त्यांच्या गावचं. कोणती होडी कोणाची, कुठल्या खाजणात काय मिळायचं. भाऊ आला की मी त्याला सांगेन, येत नाही म्हणून, कंपनीच्या साहेबाच्या पाया पडेन, पण टाकी इथेच राहील, असं त्या मला म्हणाल्या. मी भाता ओढत होतो. एवढ्या मोठ्या घरात त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं आणि त्या बोलत होत्या. यात वाईट काय आहे, असं मी धरून चाललो.

मग काचेची कांडी बुडू लागली.

साहेबांनी ती मुंबईहून आणली होती. टाकीत सोडली की उभी तरंगायची. तिच्यावरची लाल रेघ पाण्याच्या वर आली की मीठ जास्त, पाण्याखाली गेली की कमी. लाल रेघ पाण्याखाली गेली. आदल्या दिवशी मी पाणी जास्त घातलं असेल म्हणून मी गोडं पाणी घालायचं बंद केलं. रेघ आणखी खाली गेली.

फागुन लागला होता. दालनात वारा गरम यायचा. भिंतीवर उमटलेला ओला हात पाहता पाहता वाळायचा. असं असून टाकीतलं पाणी कमी होत नव्हतं. मी एक थेंब घालत नव्हतो आणि ते रेघेला टेकलेलं होतं. मला वाटलं, सोमारी गुपचूप भरते. विहिरीचा पोहरा मी माझ्या घरी नेऊन ठेवला. मग वाटलं, टाकीला तळातून ओल येते. बाहेरून चारही बाजूंची माती खणून पाहिली. मुंग्यांची वारुळं निघाली, तीही कोरडी. तरंगत्या मडक्यांना तडे असतील म्हणून सगळी बाहेर काढली.

मी पाणी चाखलं. आळणी वरणासारखं लागलं.

एवढ्या गोड्या पाण्यात ते दगड मरायला हवे होते. मेले नाहीत. त्यांच्यावरची बोटं आत ओढली गेली आणि मुठी आवळाव्यात तशी आवळून राहिली. पट्ट्यांचे मासे टाकीच्या एका कोपऱ्यात, बुडबुड्यांच्या मागे, एकाला एक चिकटून थांबले. खायला टाकलं तरी बाहेर येत ना. काचेला आतून बारीक गाळ धरू लागला. मी पुसायचो, दुपारपर्यंत परत यायचा. त्या गाळाचा रंग मला ठाऊक होता. पूर ओसरला की आमच्या धानाच्या बांधांवर जो बसतो तोच. घरात नदीचा वास येऊ लागला.

एकदा चपट्या दगडाशी झिंगा आडवा पडलेला दिसला. मेला, असं वाटून मला सुटल्यासारखं झालं. जाळीने काढला तर ते रितं कवच होतं. पाय, मिशा, डोळ्यांवरची झाकणंसुद्धा जशीच्या तशी. तो कात टाकून दगडाच्या मागे बसला होता, पूर्वीपेक्षा मोठा. पुढे तशी कवचं वरचेवर मिळू लागली. प्रत्येक आधीच्याहून मोठं.

बाईंना ही सगळी लक्षणं दिसत होती. पाणी गोडं झालंय हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांना सोसत असेल तर होऊ दे."

पण एका दुपारी वाटेवरून पत्रूची गाडी चालली होती. त्याने बैलांना नेहमीची हाळी दिली, लांबलचक, शेवटी उचललेली. टाकीतला झिंगा दगडावरून उडाला आणि खिडकीकडच्या टोकाला गेला. मिशा सरळ ताणून गाडी दूर जाईपर्यंत तसाच राहिला.

बाई खुर्चीत होत्या. त्यांनी ते पाहिलं.

"लालसू, हा बैलांच्या हाकेला का वळतो?"

मी भाता ओढत राहिलो.

त्यांनी आत जाऊन साहेबांची अंगठी आणली. काचेवर टिकटिक केलं, साहेब करत तसंच. झिंगा ढिम्म हलला नाही. मग त्या सोमारीच्या शिदोरीतली अंबाडीची भाजी मागून घेऊन आल्या. साहेबांना अंबाडीचा वासही चालत नसे. सोमारीला ती घरात शिजवायची मनाई होती. बाईंनी चिमूटभर भाजी पाण्यात सोडली. झिंगा वर आला, दोन्ही नांग्यांनी ती धरली आणि सगळी खाल्ली. उपाशी माणूस खातो तशी, मान वर न करता.

बाई काचेच्या अगदी जवळ गेल्या. त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. पदराने तोंड पुसून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

"भिकाजी," त्या म्हणाल्या.

साहेबांचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बाईंच्या तोंडून ते इतक्या हळू आलं की बुडबुड्यांत हरवलं असतं.

झिंगा मिशा साफ करत बसला होता.

त्यांनी सोमारीला हाक मारली. सोमारी येऊन दारात उभी राहिली.

"नदीवर काय म्हणून हाक मारलीत?"

"नाव तुमी देल्लं नाई, बाई. घरची बाई वाट पाहून राह्यली, ये, येवढंच म्हनलं."

"मग हा कोण?"

सोमारी जमिनीकडे पाहू लागली. "नदीत लय जन हायेत. कोनी हाक नाई मारली असे."

"ह्याला परत नेता येतं?"

"घरी आनलं त्याले कसं नेनार? थ्यानं आयकलं म्हनून तर आला." मग ती जरा वेळाने म्हणाली, "येकटा असंन, बाई."

बाई खुर्चीत बसल्या. झिंगा काचेपाशी आला आणि त्यांच्या समोर थांबला.

चैतात भाऊ आले. दालनात पाय ठेवताच त्यांनी नाकाला रुमाल लावला. "ह्यां काय गो अक्का? नदीचो वास येता."

मला वाटलं, आता बाई सांगतील, मी येत नाही. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी निघू."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी चकित झालो होतो, ते त्यांना दिसलं असावं.

सकाळी बाईंनी सोमारीला सुट्टी दिली. मला पत्रूला बोलवायला पाठवलं. स्वयंपाकघरात त्या स्वतः होत्या. तेल तडतडल्याचा आवाज मी जाताना ऐकला. पत्रूला घेऊन परत आलो तेव्हा त्या पडवीत तयार उभ्या होत्या. भाऊ ट्रंका चढवायला सांगत होते.

"टाकी सोडून दे, लालसू," त्या म्हणाल्या.

"आन् थो आतला?"

"त्याची काळजी करू नको."

त्या गाडीत चढल्या. पत्रूने बैलांना हाळी दिली. बाईंनी एकदम पोटावर हात धरला, धक्का बसावा तसा. मग हळूच हात काढून घेतला आणि मागे न पाहता बसून राहिल्या. गाडी सागांच्या आड गेली.

मी आत गेलो.

दालनात नदीचा वास नव्हता. काच स्वच्छ होती. मी ती त्या दिवशी पुसलेली नव्हती. पट्ट्यांचे मासे टाकीभर पसरले होते. दगडांवरच्या मुठी उघडल्या होत्या. सगळी बोटं बाहेर आली होती आणि हलत होती.

काचेची कांडी पाहिली. लाल रेघ पाण्याच्या वर होती.

मी पाणी चाखलं आणि थुंकलं.

चपटा दगड रिकामा होता. मी जाळी घेऊन दगडाच्या मागे, खाली, सगळीकडे पाहिलं. झिंगा नव्हता.

सोमारीला राहवेना म्हणून ती परत आली होती. तिने मला स्वयंपाकघरातून हाक मारली. चुलीपाशी एक पान मांडलेलं होतं. पानावर भाताची दोन शितं आणि कडेला कवच. सोललेलं, नीट एकात एक ठेवलेलं. मिशा पानाच्या बाहेर लोंबत होत्या.

"तू सांगतलं होतं का बाईले?" सोमारीने विचारलं.

"कायचं?"

ती खाली बसली. "मी बी नाई सांगतलं. आमच्यात कोन्या कोन्या घरी असंच करते. लेकरू नसलं त घरची बाई खाते. मंग थो पोटी येते." तिने पान उचललं नाही. "पर आपला असते तवा, पोरा. नाव ठावं असलेला."

मी टाकी त्या दिवशी सोडली नाही. माझ्याने होईना.

पत्रू बल्लारशाहून परतला तो थेट माझ्या अंगणात आला. बैल अजून जुंपलेलेच होते. पाणी मागून प्याला आणि म्हणाला, "लालसू, थे बाई बरी हाय ना?"

"काऊन?"

"रस्ताभर मले नाव इचारून राह्यली होती. तुझं नाव काय, तुझं नाव काय. मी सांगतलं, पत्रू, बाई. थोड्या वेळानं परत तेच. मी म्हनलं, पत्रू जी, साऱ्या मुलखाले ठावं हाय. थो भाऊ बाजूले झोपला होता." त्याने पंच्याने तोंड पुसलं. "मंग मागं वळून पाह्यलं त बाई माह्याकडे पाहूनच नव्हती राह्यली. खाली मान घालून बसली होती."

"मग?"

"मंग का, स्टेशन आलं. उतरता उतरता म्हनते, बरं, राहू दे. सांगशील हळूहळू."